शंभर कंपन्या आणि आमचा कूलर

उन्हाळा लागला की आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘बादलीने आंघोळ करून पृथ्वी वाचत नाही. 71 टक्के प्रदूषण 100 कंपन्या करतात. फूटप्रिंट, म्हणजे आपल्या धुराचा हिशेब, ही तेल कंपनीने काढलेली टूम आहे. बिनधास्त एसी लावा.’ खाली चुलतभावाचा अंगठा आणि ‘काय फरक पडस भो?’

71 टक्के हा आकडा 2017 च्या एका अहवालातला, खोटा नाही. पण तो सगळ्या प्रदूषणाचा नाही, 1988 पासूनच्या औद्योगिक हरितगृह वायूंचा आहे. कंपन्या म्हणजे कोळसा, तेल, वायू काढणाऱ्या. त्यांच्या नावावरच्या वायूंपैकी सुमारे 90 टक्के, त्यांनी विकलेलं इंधन दुसरे जाळतात तेव्हा निघतात. भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्रात जळणारा कोळसा, माझ्या मोटारसायकलचं पेट्रोल, सगळं त्याच हिशेबातलं. लिटरमागे साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड. गाडी माझी, धूर कंपनीच्या खात्यावर!

टूम म्हणाल, तर फूटप्रिंटची मूळ कल्पना 1990 च्या दशकात कॅनडात विल्यम रीस आणि मॅथिस वॅकरनागेल यांनी मांडली. बीपी या ब्रिटिश तेल कंपनीने नंतर जाहिराती करून ‘कार्बन फूटप्रिंट’ घरोघरी नेला, आणि तो काही पुण्य कमवायला नाही. पण गावात कापूस घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याचा काटा आपण तपासून घेतो. कापूस मोजायचं सोडतो का?

आता एसी. जळगावचा पारा 45 गाठतो, तिथे उपदेश कोण करणार? आमच्याकडेही आईच्या खोलीत एसी आहे. बाकी घर कूलरवर. दीड टनाचा एसी तासाला साधारण दीड युनिट ओढतो. 200 वॅटचा कूलर तेवढ्यात सात तास चालतो. कोळशाच्या विजेला युनिटमागे 1 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पडतो. आपली हवा कोरडी म्हणून कूलरला गार करता येतं, मुंबईत हा जमाखर्च लागू नाही. कूलर पाणी मात्र पितो. एकदा हुशारी करून आरओचं वाया जाणारं पाणी ओतलं, तर पंधरा दिवसांत जाळ्यांवर पांढरे क्षार चढले. आता त्या पाण्याने फरशी पुसतो.

बादलीबद्दल वाद नाही. नळ ज्या दिवशी येत नाही, त्या दिवशी पृथ्वी नाही, टाकी वाचवायची असते.

राहिलं ‘काय फरक पडस’. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या बारीपाडा गावाने सुमारे 400 हेक्टर जंगल राखलं. त्यात पुढाकार घेणाऱ्या चैत्राम पवारांना 2025 ची पद्मश्री मिळाली. पण राखलं ते गावाने, झाड तोडलं तर दंड असा नियम करून. एकट्याने भागत नाही, एवढं मेसेजचं मला मान्य.

हाच चुलतभाऊ दरवर्षी शेतात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, पेटवतो. बोंडअळीमुळे त्या काढाव्याच लागतात, पण कुट्टी करून खतात घालता येतात. यंदा त्याला कुट्टीच्या यंत्राचं विचारलं. आधी गप्प बसला, मग म्हणाला, “तुझ्याबी पऱ्हाट्या आहेत ना? भाडं निम्मं निम्मं.”