दातांना चालतं म्हणून गाडीला चालत नाही

दाजींनी परवा रात्री फोटो पाठवला. गाडी चौदा महिन्यांची, गडद निळी. बॉनेटवर दोन तळहातांएवढा भाग चुन्याचा हात फिरवल्यासारखा पांढुरका. खाली एकच ओळ होती, ‘मेसेजप्रमाणे केलं, आता काय करू?’

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. ‘शोरूमवाले हे कधीच सांगणार नाहीत’ अशी सुरुवात आणि खाली पाच मुद्दे. टूथपेस्टने ओरखडे जातात आणि दातांना चालते म्हणून रंगाला काहीच होत नाही. बाजारातल्या सगळ्या पॉलिशमध्ये एकच पावडर असते, पैसे डब्याचे. कण जितका बारीक तितकं पॉलिश चांगलं. पेस्टमध्ये खाण्याचा सोडा घातला की ताकद दुप्पट. आणि चमक आली की ओरखडा गेला. आमच्या घरच्या ग्रुपवर हा मजकूर तीनदा फिरला, तिसऱ्यांदा तर ताईनंच टाकला. पंधरा वर्षं मी शिरोली एमआयडीसीत धातू घासून गुळगुळीत करण्याच्या कामावर आहे, आणि माझ्याच घरात कुणी मला विचारलं नाही. राग आलाय, तो लपवत नाही.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक, त्यावरच जास्त बोलतो.

ओरखडा म्हणजे रंगातली चर. घासून ती भरत नाही. तिच्या दोन्ही काठांचा भाग झिजवून तळाच्या पातळीला आणावा लागतो, तेव्हा ती दिसेनाशी होते. म्हणजे ओरखडा जाणार असेल तर रंग झिजणारच. ‘ओरखडा जातो’ आणि ‘रंगाला काही होत नाही’ ही दोन वाक्यं एकत्र खरी असूच शकत नाहीत. आजच्या गाडीत रंगावर पारदर्शक क्लिअर कोट असतो, साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस सत्तरच्या आसपास असतो. एवढ्याशा थरातून गाडीच्या उभ्या आयुष्यातली सगळी घासाघास भागवायची आहे.

आता दातांचं. टूथपेस्टसाठी आयएसओ ११६०९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. पेस्ट दात किती झिजवते ते आरडीए नावाच्या आकड्यात मोजतात आणि या मानकानं त्याची कमाल मर्यादा २५० ठेवली आहे. पेस्ट घासतच नसती तर मर्यादा कशाला घातली असती? आणि हा आकडा काढतात डेंटिनवर, म्हणजे दाताच्या आतल्या थरावर ब्रश फिरवून. गाडीच्या रंगाचा त्यात कुठेच संबंध नाही. ‘दातांसाठी सुरक्षित’ याचा अर्थ दातांसाठी सुरक्षित, एवढाच.

वर दात मऊ असतात हा समज कुठून आला, कळत नाही. दाताचं वरचं कवच मोहच्या १ ते १० अशा कठीणतेच्या मापात ५ च्या आसपास येतं. क्लिअर कोट हे शेवटी प्लास्टिकच, त्याचा कणखरपणा तपासायला पेन्सिलीच्या शिशाने ओरखडून बघतात. खात्री हवी असेल तर खाली जा आणि गाडीच्या दाराच्या हँडलमागची खोलगट जागा बघा. तिथे बारीक रेघांची गर्दी दिसेल. त्यातल्या बहुतेक बोटांच्या नखांच्या आहेत. नखानं दातावर रेघ उठते का? जो रंग नखाला दाद देतो, त्यावर पेस्टमधली खडूची भुकटी किंवा सिलिका जुन्या बनियनने दाबून घासली, तर पांढुरकं होणार नाही तर काय होणार? दाजींच्या बॉनेटवर नेमकं तेच झालंय. एक ओरखडा घालवायला गेले आणि हजारो बारीक ओरखडे उमटले. गडद रंगावर ते उन्हात लगेच दिसतात, पांढऱ्या गाडीवर नजरेत येत नाहीत. मेसेजमधला ‘आधी आणि नंतर’चा फोटो पांढऱ्या गाडीचा आहे.

दुसरा मुद्दा, सगळीकडे एकच पावडर. साफ खोटं. आपल्याकडे धार लावायला कुरुंद वापरतात, माणिक आणि नीलम ही त्याचीच रूपं. रासायनिकदृष्ट्या ते अॅल्युमिनियम ऑक्साइड, कठीणता ९. आजच्या बहुतेक चांगल्या कंपाउंडमध्ये, म्हणजे ओरखडे कापायच्या भरड पॉलिशमध्ये, हेच असतं, पण कारखान्यात ठरावीक तापमानाला भाजून, कणाचा आकार आणि घडण हवी तशी करून घेतलेलं. राधानगरी-शाहूवाडीच्या पठारांवरून बॉक्साइटचे ट्रक उतरताना मी लहानपणापासून बघतोय. अॅल्युमिना म्हणजे हेच ऑक्साइड, निघतो तो त्याच दगडातून. याशिवाय सिलिका आहे, सूक्ष्म शेवाळांच्या कवचांची डायटम माती आहे, काचेसाठी सीरियम ऑक्साइड आहे. प्रत्येकाचं काम वेगळं. पावडर ओळखण्यात चूक झाली तर काय होतं ते थ्रीएम कंपनीनं भोगलंय. १९०२ साली अमेरिकेत मिनेसोटातल्या टू हार्बर्स गावी ती उभीच राहिली कुरुंदाची खाण चालवायला. निघालेला दगड कुरुंद नव्हताच, अॅनॉर्थोसाइट होता, घासकामाला निरुपयोगी. कंपनी बुडता बुडता वाचली.

‘बारीक तेवढं चांगलं’ हे अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. बारीक कण बारीक रेघ काढतो. पी २००० नंबरच्या पॉलिश पेपरवरचा कण साधारण दहा मायक्रॉनचा असतो, शेवटच्या हाताच्या पॉलिशमधला एखाद्या मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून लहान. पण नुसता आकार पुरत नाही. काही कंपाउंडमधले कण म्हणजे अतिबारीक कणांचे गोळे असतात. शेतातलं ढेकूळ कुळवाखाली फुटत जातं तसे ते पॉलिश मशीनच्या पॅडखाली फुटतात. सुरुवातीला जोरात कापतात, मग बारीक होत जाऊन चमक आणतात. असं कंपाउंड अर्ध्यात पुसलं तर भरड कणांच्या रेघा तशाच राहतात. गॅरेजमध्ये ‘रबिंग’ करून आणलेल्या कितीतरी गाड्यांवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात, त्याचं हे एक मोठं कारण, कारण घाई सगळ्यांनाच असते. दुसऱ्या जातीचे कण फुटतच नाहीत. पहिल्यापासून एकसारखे बारीक असतात आणि किती कापायचं ते पॅड, दाब आणि वेळ यांवर ठरतं. पहिल्या जातीला पूर्ण फेरा द्यावा लागतो, दुसऱ्या जातीत समाधान झालं तिथे थांबता येतं. डबा घेताना हा फरक विचारा. दुकानदाराला सांगता आला नाही तर दुसरं दुकान बघा.

टूथपेस्ट यातल्या कुठल्याच जातीत बसत नाही. तिचे कण ओल्या तोंडात ब्रशनं फिरायला केलेले. उन्हातल्या पत्र्यावर ती दोन मिनिटांत वाळते आणि मग कोरडी भुकटी ओढली जाते.

सोड्याबद्दल एवढंच की तो मऊ आहे आणि पाण्यात विरघळतो, त्यानं ताकद वाढत नाही.

चमक आली म्हणजे ओरखडा गेला, हेही नाही. तेल, मेण, सिलिकोन रेघांमध्ये बसलं की प्रकाश विखुरत नाही आणि रेघ लपते. टूथपेस्टमधलं ग्लिसरीनही थोडा वेळ हेच करतं. दोन वेळा गाडी धुतली की रेघ परत हजर. खरं बघायचं असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून मऊ मायक्रोफायबरनं तो भाग पुसा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरा.

टूथपेस्टचा काहीच उपयोग नाही असं मी म्हणत नाही. दुसऱ्या गाडीचा रंग आपल्या बंपरवर घासून लागला असेल तर तो निघतो, कारण तो वर चिकटलेला असतो. पिवळा पडलेला हेडलाइटही उजळतो. पण हेडलाइटच्या प्लास्टिकवरचा, म्हणजे पॉलिकार्बोनेटवरचा, उरलासुरला संरक्षक थरही त्यात जातो आणि काही महिन्यांत तो पुन्हा पिवळा होतो. नंतरचा थर देण्याची तयारी असेल तरच तिथे हात घाला.

दाजी, आता तुमच्यासाठी. ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. अडकलं तर तो खोल आहे, पॉलिशनं जाणार नाही, त्याला टच-अप लागेल. भोवतीचं पांढुरकं मात्र बहुतेक जाईल. रविवारी मी मशीन, फोमचं पॅड आणि जाडी मोजायचं मीटर घेऊन येतो. आधी मोजू, मग एकदम बारीक पॉलिशनं हातभर जागेवर करून बघू, भागलं तर भरड कंपाउंड उघडायचंच नाही. तोवर बॉनेट नुसतं पाण्यानं धुवा, कोरड्या कापडानं पुसू नका. आणि ताईला सांगा, तो मेसेज जिथे जिथे पाठवलाय तिथे हाही पाठव.