‘डॅम यू’ सहाच अंक चाललं, हो, पण...

नमस्कार. इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, बरं वाटलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की अलाहाबादच्या ‘डॅम यू’ या छोट्या साहित्यिक मासिकाचं मी उगाच कौतुक करतोय, कॉलेजच्या पोरांनी सायक्लोस्टाईल करून काढलेले जेमतेम सहा अंक, तेही इंग्रजीत, नाव अमेरिकेतून उचललेलं, आणि आपल्याकडे मराठी साहित्याचं ‘सत्यकथा’ मासिक, ती पार 1982 पर्यंत चालली तिच्यापुढे हे काय. मला हे अजिबात पटत नाही.

नावाचं खरं आहे. न्यूयॉर्कच्या एड सँडर्स या कवीच्या मासिकाबद्दल वाचून 1965 मध्ये अरविंद कृष्ण मेहरोत्रा, आलोक राय आणि अमित राय यांनी ते घेतलं, मूळ नावातली शिवी जरा सौम्य करून. मेहरोत्रांचं वय तेव्हा अठरा. आलोक म्हणजे प्रेमचंदांचा नातू, म्हणजे ज्या घरात हिंदी साहित्य मुरलेलं होतं तिथल्याच पोराला आपलं वेगळं काहीतरी काढावंसं वाटलं, हे मला फार मोलाचं वाटतं. टाईपरायटरची रिबन काढून स्टेन्सिल कापायची, ती मशीनवर चढवायची, हँडल मारत एकेक पान काढायचं, पिना मारायच्या आणि पोस्टात टाकायचं. खर्च कागद, शाई आणि तिकिटांचा. कुणा प्राध्यापकाला आधी दाखवायची गरज नाही!

आता टिकण्याबद्दल. विद्यार्थी दोन-चार वर्षांत निघून जातात, त्यामुळे असं मासिक एकतर बंद पडतं नाहीतर संस्थेच्या ताब्यात जातं, आणि संस्थेचा पैसा आला की कुलूपही येतं. शिकागो विद्यापीठाचं साहित्यिक नियतकालिक ‘शिकागो रिव्ह्यू’ विद्यार्थीच चालवायचे पण पैसे विद्यापीठाचे, 1958 च्या शेवटी विद्यापीठाने पुढचा अंक अडवला तेव्हा संपादक राजीनामे देऊन बाहेर पडले आणि तोच मजकूर त्यांनी ‘बिग टेबल’ नावाने काढला. आपल्या कॉलेजांचे वार्षिक अंक बघा, वर्षानुवर्षं निघतात, प्राचार्यांचं मनोगत, संस्थाचालकांचे फोटो, आणि त्यातली कुठली कविता कुणाला आठवते सांगा.

आणि ‘डॅम यू’ वाढलं नाही असं कसं म्हणता? 1966 ला मेहरोत्रा एमएसाठी मुंबईला आले, मासिक सोबत आलं, आणि 1968 च्या शेवटच्या अंकात अरुण कोलटकरांची गेटवेपासून सुरू होणारी ‘द बोटराईड’ छापून आली. मराठीतला एवढा मोठा कवी, जाहिरातींच्या धंद्यात नाव कमावलेला, आणि त्याची दीर्घ कविता एका विद्यार्थ्याच्या सायक्लोस्टाईल कागदांवर! तिथे जुळलेली माणसं पुढे सुटली नाहीत. 1976 मध्ये कोलटकर, मेहरोत्रा, आदिल जस्सावाला आणि गिव्ह पटेल यांनी मिळून ‘क्लिअरिंग हाऊस’ ही प्रकाशनसंस्था काढली, कोलटकरांची ‘जेजुरी’ पुस्तक म्हणून तिथून आली. कोलटकर 2004 ला गेले, त्यांच्या विखुरलेल्या इंग्रजी कविता गोळा करून 2009 मध्ये पुस्तक केलं ते मेहरोत्रांनीच, आणि छापलं अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने, म्हणजे इंग्रजी-मराठी अशी जी भिंत तुम्ही घालताय ती या लोकांनी कधी मानलीच नाही.

‘सत्यकथा’बद्दल मला आदर आहे, तिने घडवलेले लेखक मीही वाचत आलोय. पण 1969 साली मुंबईत तिच्या अंकाची होळी झाली तीही आपल्याच, स्वतःची छोटी अनियमित नियतकालिकं काढणाऱ्या अनियतकालिकवाल्या पोरांच्या हातून, राजा ढाले त्यात पुढे. मासिक किती वर्षं चाललं हे तुम्ही विचारता, मला त्यात कोणाला जागा मिळत होती हे जास्त महत्त्वाचं वाटतं.