अर्धा किलो कुंद्यात कामगार खूश

मालक, बेळगावच्या उद्यमबागेत तुमची लहानशी फौंड्री आहे, पंचवीसेक माणसं आहेत आणि 'हल्ली कामाला माणूसच मिळत नाही हो' हे पालुपद तुम्ही सकाळच्या चहाबरोबर रोज घोळवता. तर माणसानं मन लावून राबावं कशासाठी, यावर जगात भरपूर डोकेफोड झालेली आहे. तिचा फायदा उठवा. फुकट आहे.

आधी सोव्हिएत युनियन. 31 ऑगस्ट 1935 ला दोनबासच्या खाणीत अलेक्सेई स्ताखानोव्ह नावाच्या गड्यानं पावणेसहा तासांत 102 टन कोळसा काढला, ठरल्याच्या चौदापट. मागून लाकडाचे टेकू लावत यायला वेगळी माणसं दिली होती, पण विक्रम लागला एकट्याच्या नावावर. त्याचा देशभर उदोउदो झाला. बाकीच्या खाणकामगारांनाही मिळालं की! पुढच्या वर्षी त्यांचा कोटा वाढवून मिळाला.

आता अमेरिका. बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात 1899 मध्ये फ्रेडरिक टेलर या इंजिनिअरसाहेबानं हातात घड्याळ धरून बीड, म्हणजे कच्च्या लोखंडाचे ठोकळे, उचलणाऱ्या गड्याकडून दिवसाला साडेबाराऐवजी साडेसत्तेचाळीस टन उचलून घेतलं. काम जवळजवळ चौपट, मजुरी मात्र 1.15 डॉलरवरून 1.85. (हा हिशेब तुम्हाला पटला असणार.) आणि गंमत बघा, 1918 मध्ये खुद्द लेनिननं लिहिलं की टेलरची पद्धत आपणही शिकायला हवी. एवढी क्रांती करून गाडी आली ती नगावर मजुरीपाशीच. आमच्या शहापूर-वडगावच्या विणकराला कुणी लेनिन सांगायला आला नव्हता. माग थांबला की चूल थांबते, एवढं त्याला पुस्तकाशिवाय कळतं.

मोटारवाल्या फोर्डचं नाव मात्र कारखान्यात काढू नका. माणसं टिकेनात म्हणून त्यानं 1914 मध्ये आठ तासांचे पाच डॉलर केले, म्हणजे जवळजवळ दुप्पट. असलं काही पोरांच्या कानावर गेलं तर पंचाईत. हां, तो कामगारांच्या घरी माणसं पाठवून कोण पितो, कोण उधळतो याची चौकशी करायचा, तेवढं घ्यायला हरकत नाही.

तर आपला बेळगावी तोडगा असा. समाजवादातली नोकरीची हमी सोडा, पदक तेवढं घ्या. भांडवलशाहीतली जादा मजुरी सोडा, 'उद्यापासून येऊ नको' तेवढं घ्या. दारात 'महिन्याचा उत्कृष्ट कामगार' म्हणून फोटो लावा. फोटो दर महिन्याला बदला, फ्रेम तीच ठेवा.

दिवाळीला बोनसची कुजबूज सुरू होते. कायद्यानं वर्षाच्या मजुरीच्या कमीत कमी 8.33 टक्के, म्हणजे जवळजवळ एक पगार! त्याऐवजी अर्धा किलो आपला खव्याचा कुंदा द्या. खोक्यावर कारखान्याचं नाव छापून घ्या, आणि देताना 'आपण सगळे एक कुटुंब' म्हणायला विसरू नका. कुटुंबात कोण कुणाकडं बोनस मागतं?

तरी कुणी अडून बसलाच, तर घाबरू नका. बेळगाव कन्नड राज्यात गेलं, त्या 1956 पासूनची सोय आपल्याकडं आहे. 1 नोव्हेंबर दिवाळीच्या आगेमागेच येतो. कन्नड गड्याचा राज्योत्सव, मराठी गड्याचा काळा दिवस. तुम्ही फक्त पाटीवर वर कुठली भाषा असावी, असं सहज विचारा आणि केबिनमध्ये जाऊन बसा. तासाभरात बोनस कुणाच्या ध्यानात राहणार नाही, ना मराठीत ना कन्नडमध्ये.

माणसाच्या एका तऱ्हेपासून तेवढं जपा. ओळखीच्या एका फौंड्रीत मी एक म्हातारा मोल्डर, वाळूचे साचे ठोकणारा, बघितला. मजुरी पेटीवर, जितके साचे तितकी. वाळूत दाबलेला नमुना, म्हणजे पॅटर्न, उचलला, साच्यात फुंकर मारून सुटी वाळू उडवली आणि डोळा बारीक करून बघत राहिला. कोपऱ्यात नखाएवढा टवका गेला होता. सुपरवायझर चहाला गेलेला, बघणारं कुणी नाही. म्हाताऱ्यानं साचा मोडला आणि वाळू परत ठोकायला घेतली.

"जाऊ द्यायचं की मामा, कोण बघतंय?" मी म्हटलं.

"बीड ओतल्यावर दिसतंय की ओ."

यात ना कोटा, ना पदक, ना कुंदा. अशा माणसाचं काय करायचं हे मलाही सुचेना. त्याच्या मालकाला बरोबर सुचलं. मोडलेली पेटी त्यानं हिशेबात धरली नाही.