अभिनंदन, वेबसाइट आता तुमच्याकडे

गेल्या आठवड्यात साहेबांच्या केबिनमधल्या प्रिंटरचा अडकलेला कागद तुम्ही काढलात ना, तिथंच तुमचं नशीब ठरलं. कॉम्प्युटरमधलं कळतं म्हणे तुम्हाला. आज आदेश निघाला, आवक-जावक आणि आस्थापना सांभाळून वेबसाइटचा अतिरिक्त कार्यभार तुमच्याकडे. जादा पैशांचं विचारू नका, शोभत नाही. पण पद बघा की, सरकारी वेबसाइटसाठीच्या केंद्राच्या गाइडलाइन्समध्ये तुम्हाला वेब इन्फर्मेशन मॅनेजर म्हणतात! आणि एकटे पडलात असं तर मुळीच समजू नका, तुमच्या पाठीशी इतक्या सपोर्ट सर्व्हिसेस आहेत की त्यांना खुलासे देता देताच रिटायर व्हाल.

पहिला सपोर्ट म्हणजे त्या गाइडलाइन्सच. जीआयजीडब्ल्यू हे त्यांच्या इंग्रजी नावाचं लघुरूप, उच्चार घरी दोनदा करून या. २००९ला आल्या, २०२३मध्ये तिसरी आवृत्ती निघाली. खरं सांगायचं तर चांगल्या आहेत हो, अंध माणसाला स्क्रीन रीडरवर पान ऐकता यावं, पान कधी अपडेट झालं ते दिसावं, जुनी माहिती वेळच्या वेळी हलवावी, सगळं नीट लिहिलंय. तुम्ही वाचायला बसू नका. वरच्या कोपऱ्यात छोटा अ, मोठा अ अशी बटणं लावा आणि धोरणांचं पान शेजारच्या जिल्ह्याच्या साइटवरून उचला, फक्त जिल्ह्याचं नाव बदला. नाही बदललं तरी चालतं म्हणा, मी सव्वा वर्ष विसरलो होतो, एकाचाही फोन आला नाही.

आता मजकूर कसा चढवायचा ते नीट ऐका, सगळी कला इथंच आहे. आदेश वर्डमध्ये टाइप झालेला असतो, तो तसाच टाकायचा गाढवपणा करू नका. आधी प्रिंट काढा, सही घ्या, गोल शिक्का मारा, तो अर्धा सहीवर आणि अर्धा तारखेवर आलाच पाहिजे, मग ज्या स्कॅनरच्या काचेवर व्हाइटनरचा डाग आहे त्याच्यावर कागद जरा तिरका ठेवा. अठरा एमबीची पीडीएफ तयार होते, नाव असतं स्कॅन००४७, तेच राहू द्या. आता गंमत बघा, ही अक्षरं नाहीतच, हा कागदाचा फोटो. गूगलला धड सापडत नाही, स्क्रीन रीडरला धड वाचता येत नाही, कुणाला एक ओळ कॉपी करता येत नाही, म्हणजे माहिती अधिकाराच्या कलम ४ प्रमाणे माहिती स्वतःहून जाहीर पण झाली आणि सुखरूप पण राहिली. कुणी हट्टच धरला की टाइप केलेलंच टाका, तर जुन्या कपाटातल्या सीडीवरची फाइल घ्या. ती युनिकोडच्या, म्हणजे मराठी सगळ्या कॉम्प्युटरवर सारखी दिसायला लागली त्याच्या, आधीच्या कुठल्यातरी फॉन्टमध्ये असणार, साइटवर पेस्ट केली की डॉलर, टक्के आणि उलट्या प्रश्नचिन्हांची अशी काही रांगोळी उमटते की वाचणारा परत अर्ज करणार नाही.

सिक्युरिटी ऑडिट पण लागतं, सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या पॅनलवरच्या ऑडिटरकडून. तो खोट काढतो, तुम्ही ती साइट बनवणाऱ्या व्हेंडरला पाठवता, व्हेंडर म्हणतो एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, मार्चमध्येच संपली, तुम्ही लेखा शाखेत जाता, ते विचारतात कुठल्या लेखाशीर्षातून. चहा घ्या आणि परत या.

साइट बंद पडली तर हेल्पडेस्कला तिकीट टाकायचं. लॉगिनचा ओटीपी तुमच्या आधीच्या भाऊसाहेबांच्या मोबाईलवर जातो. आमचे भाऊसाहेब रिटायर होऊन मुलीकडे ह्यूस्टनला गेलेत, त्यामुळे आमची साइट दुपारी पडली की त्यांना पहाटे उठवावं लागतं, पण माणूस चांगला, कुरकुर न करता सहा आकडे सांगतो आणि वर विचारतो, माझ्या ग्रॅच्युइटीच्या फाइलचं बघितलंस का रे. तर मी तिकीट टाकलं, अर्जाचं पान उघडत नाही. उत्तर आलं, स्क्रीनशॉट जोडा. जोडला. कॅशे क्लिअर करा. केला. मग रविवारी पहाटे तीनला मेल, आपली अडचण सविस्तर कळवा, आणि सहा वाजता दुसरा, युजरकडून प्रतिसाद न मिळाल्याने तिकीट बंद करण्यात येत आहे, कृपया सेवेला तारे द्या. मी पाच दिले. पुढचं तिकीट पण त्यांच्याकडेच जाणार ना.

२०२५च्या सुरुवातीला राज्यात शंभर दिवसांचा कार्यक्रम आला, त्यात वेबसाइट अद्ययावत करण्याचा मुद्दा होता. घाबरू नका असल्या गोष्टींना. 'आमच्याविषयी' पानावरचा एक स्वल्पविराम काढा आणि सेव्ह करा, खाली 'शेवटचे अद्यतन' आजच्या तारखेचं होतं. दुसऱ्या दिवशी स्वल्पविराम परत घाला, साइट रोज अपडेट.

खरी इमर्जन्सी एकच, नवीन साहेब हजर होतात तो दिवस. फॉर्म तीन वर्षं जुना असला तरी चालेल, फोटो संध्याकाळच्या आत बदलला पाहिजे. त्या दिवशी व्हेंडर पहिल्या रिंगला फोन उचलतो, एएमसी नसताना.

आणि एवढं करून एखादे आजोबा काउंटरवर आलेच, मोबाईल पुढं करून, साहेब ह्ये उघडत न्हाई, तर त्यांना गेटबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात पाठवा. त्याच्याकडे आपल्या ऑफिसचे सगळे फॉर्म आहेत, युनिकोडमध्ये, सरळ, नवीन नमुन्यातले, कुठली कागदपत्रं जोडायची त्याची यादी मागच्या पानावर. मागच्या महिन्यात ऑडिटसाठी मला आपलाच चालू फॉर्म हवा होता, साइटवर मिळेना, शाखेत मिळेना, शेवटी त्याच्याकडूनच पेनड्राइव्हवर घेतला. पब्लिकला दहा रुपये लावतो. मला म्हणाला, तुम्ही घरचेच, पाच द्या.