नव्या कवितासंग्रहाचं परीक्षण कसं लिहावं

जळगावात राहून तुमच्या दारी नवा कवितासंग्रह आला, की लगेच उघडू नका. आत 'आदरणीय नानांना सप्रेम भेट, अभिप्रायार्थ' एवढंच तुमच्यासाठी असतं. पुस्तक पालथं करा आणि पाठराखण वाचा. ती बहुधा कवीनेच लिहून कुणा प्राध्यापकांकडे सहीपुरती नेलेली असते, त्यामुळे त्याला काय ऐकायचंय ते तिथे तयार मिळतं. 'मातीशी नाळ', 'अस्वस्थ वर्तमान', 'जगण्याचा तळ'. क्रम बदला, झालं. कवी बँकेत असला आणि शेत बटईने दिलेलं असलं तरी माती सोडायची नाही.

दुसऱ्या वाक्यात बहिणाबाई आणा. त्यांचं पुस्तक आलं 1952 साली, त्या गेल्यावर वर्षभराने. म्हणजे अभिप्रायासाठी त्यांना कुणाला फोन करावा लागला नाही. हे मात्र लिहू नका, कवी मनाला लावून घेतो. त्यांची बोली बेधडक अहिराणी ठरवून टाका. ती लेवा गणबोली आहे म्हणणारे चिडतील, पण त्यांचं पत्र येईपर्यंत तुमच्याकडे पुढचा संग्रह आलेला असतो. कवितेत झरा किंवा फुलं दिसली तर बालकवी. तेही आपल्या धरणगावचेच.

दोष एकच दाखवायचा, शुद्धलेखनाचा. कवी तो छापखान्यावर ढकलतो आणि संबंध टिकतात. कविता अगदीच पडेल असेल तर 'अपेक्षा वाढल्या आहेत' म्हणा.

मी एकदाच फसलो. 80 पानी संग्रह, 5 फर्म्यांचा, म्हणजे 16-16 पानांच्या 5 जुड्या एकत्र बांधलेला. मधली पानं चाळली तर त्याच ओळी परत भेटल्या. लिहून मोकळा झालो: 'त्याच प्रतिमांकडे वळणारी वर्तुळाकार रचना हे या संग्रहाचं बलस्थान.' परीक्षण छापून आलं, त्या दिवशी बायकोने पुस्तक हातात घेतलं. पान 48 नंतर पुन्हा 33. बाइंडरने तिसरा फर्मा दोनदा बांधला होता, चौथा गायब.

रात्री शेवभाजीवर बसलो आणि कवीचा फोन.

"काय नाना, कसं शे?"

घास हातातच राहिला.

"पन्नासेक प्रतींना तसं झालंय. बाइंडरचे पैसे कापणार होतो, आता नाही कापत. दुसऱ्या आवृत्तीत सगळ्याच तशा बांधायला सांगितल्यात."