माझा उंबरा म्हणजे मुतारी नाही

काल इबोर फेस्टिव्हलचा, म्हणजे आमच्या यॉर्कमधल्या घोड्यांच्या शर्यतींच्या जत्रेचा, शेवटचा दिवस, शनिवार. माझी नाइट होती म्हणून दुपारी पडदे ओढून झोपले होते. सव्वासहाला आईने हलवून उठवलं. "अगं, दारात कोणीतरी उभाय, बेल वाजवत नाही, नुसता उभाय."

खाली जाऊन दार उघडलं तर थ्री-पीस सूट, कोटाला फूल, गळ्यात रेसकोर्सचा बॅज, आणि तो माणूस माझ्या उंबऱ्यावर मुततोय. लपून नाही, भिंतीकडे वळून नाही, सरळ दाराच्या कोपऱ्यात जिथे आईने तुळशीची कुंडी ठेवलीय तिथे. आमच्या गल्लीत घरांना पुढे अंगण वगैरे काही नाही हो, व्हिक्टोरियन टेरेस आहेत, म्हणजे एकाला एक चिकटलेल्या जुन्या घरांची रांग, दार उघडलं की फुटपाथ. म्हणजे तो माणूस माझ्यापासून दोन फुटांवर होता आणि दार उघडल्यावरसुद्धा थांबला नाही. पूर्ण करून घेतलं. मी ओरडले तर मागे उभे असलेले त्याचे तिघे मित्र हसायला लागले आणि हा मला म्हणतो, चिअर अप लव्ह, रेस डे आहे.

लव्ह! माझ्या आईसमोर! ती पंढरपूरची आहे, सत्तरीची, तीन महिन्यांसाठी लेकीकडे आलीय, आणि लेकीच्या दारात तिने हे बघितलं.

आता त्या तुळशीबद्दल ऐका, कारण माझं डोकं तिथेच फिरलंय. यॉर्कमध्ये तुळस जगवणं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहिती. लीड्सच्या मैत्रिणीने मार्चमध्ये इवलंसं रोप दिलं, जूनपर्यंत ते किचनच्या खिडकीत रेडिएटरच्या वर ठेवलं, रात्री काचेचा गारठा लागू नये म्हणून मागे पुठ्ठा लावला. आई आल्यावर म्हणाली हिला जरा उन्हात ठेवू, आमची दाराची बाजूच तेवढी दक्षिणेला, म्हणून बाहेर ठेवली. मंजिऱ्या आल्या होत्या तिला. पंढरपूरच्या बाईला तुळस काय असते ते मी तुम्हाला सांगायला नको. काल संध्याकाळी आईने ती उपटून काढली, माती पिशवीत भरली, कुंडी धुतली, मग बादलीवर बादली ओतून उंबरा धुतला, एक शब्द बोलली नाही. आणि मी तशीच युनिफॉर्म चढवून बारा तासांच्या ड्यूटीला गेले, तेही चालत, कारण रेसच्या दिवशी बसची वाट बघण्यात अर्थच नसतो. लेंडल ब्रिजवरून पलीकडे, गर्दीतून खांदे मारत, सगळ्या टाय सुटलेल्या लोकांच्या उलट्या दिशेने.

नेव्हस्मायरवर, म्हणजे इथल्या रेसकोर्सवर, १७३१ पासून घोडे पळतायत. तीनशे वर्षं होत आली! आणि एवढ्या वर्षांत हे कळलं नाही का, की दिवसभर बिअर प्यायलेली माणसं रेस सुटल्यावर स्कारक्रॉफ्ट रोडवरून, नन्नरी लेनवरून स्टेशनकडे आणि मिकलगेटकडे चालत येणार आणि त्यांना वाटेत लागणार? आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक, फक्त एक टेम्पररी टॉयलेट ठेवा म्हणून मी दोन वर्षांत चार मेल केले. उत्तर आलं की तुमचा अभिप्राय नोंदवला आहे. कुठे नोंदवला, दाखवा ना मला.

आणि हे कोणाला सांगायला जावं तर पहिलं वाक्य काय ऐकायला मिळतं? "मग तिथे राहायला कशाला गेलात? सिटी सेंटरला लागून राहायचं तर एवढं सहन करायलाच हवं." या वाक्याची मला इतकी चीड आहे ना! इथे लोक राहायचेच हो. ही घरंच कामगारांची. शेजारच्या आजी याच गल्लीत जन्मल्या, टेरीजच्या चॉकलेट फॅक्टरीत आयुष्य काढलं, ती २००५ मध्ये बंद झाली, आज तिथे फ्लॅट आहेत. त्या कुठे "राहायला गेल्या"? त्यांच्या डोळ्यांसमोर गल्ली बदलली. त्यांच्या पलीकडचं घर हॉलिडे लेट, म्हणजे पाहुण्यांना चार दिवस भाड्याने द्यायचं, समोरची दोन हॉलिडे लेट, दाराशेजारी नंबर दाबून आतली किल्ली काढायचे ते की-सेफ लटकतायत. रात्री आजींना काही झालं तर ज्यांचं दार वाजवता येईल अशी आमच्या टोकाला आता तीन घरं उरलीत, त्यातलं एक माझं आणि मी निम्म्या रात्री ड्यूटीवर.

तो की-सेफ हा तर वेगळाच छळ. गेल्या महिन्यात रात्री पावणेदोनला माझी बेल. हेन पार्टी, म्हणजे लग्नाआधी नवरीला घेऊन मजा करायला निघालेल्या मैत्रिणी, गुलाबी सॅश, सहा जणी, कोड लागत नाही म्हणून. अगं बायांनो, नंबर वाचा, तुमचं घर समोर! सॉरी म्हणाल्या आणि मग समोर जाऊन पहाटे चारपर्यंत मागच्या यार्डात गाणी. सकाळी गेल्या तेव्हा काचेच्या बाटल्यांसकट सगळा कचरा एकाच काळ्या पिशवीत कोंबून मागच्या गल्लीत, तेही कचऱ्याच्या दिवसाच्या चार दिवस आधी. सीगलनी पिशव्या फाडल्या, चिकनची हाडं माझ्या मागच्या दारात. उचलली कोणी? मीच. मालक लंडनला का कुठे राहतो, त्याचा नंबर कोणाकडेच नाही.

पार्किंगचं तर बोलायलाच नको पण बोलते. आम्ही रेसपार्कचे, म्हणजे रहिवाशांच्या पार्किंग परमिटचे (घोड्यांच्या रेसशी याचा संबंध नाही), पैसे भरतो, दर वर्षी, स्वतःच्याच रस्त्यावर गाडी लावायची म्हणून. गणपतीत लीड्सची मंडळी आरतीला आली, व्हिजिटर परमिट टाकायला वीस मिनिटं उशीर झाला कारण हातात नैवेद्याचं ताट होतं, तेवढ्यात दंड. बरोब्बर. आणि काल रेसला आलेली एक मोठी काळी गाडी अर्धी फुटपाथवर, अर्धी रेसिडेंट बेमध्ये, सकाळी दहापासून, परमिट नाही, तिला कोणी हात लावला नाही. बाळाची ढकलगाडी घेऊन चाललेली एक आई रस्त्यावर उतरली तिच्यामुळे.

फुटपाथवरून आठवलं. आमच्या एका शेजाऱ्याला चालता येत नाही, ब्लू बॅज आहे, म्हणजे अपंगांना गाडी जवळ लावू देणारा परवाना. २०२१ च्या नोव्हेंबरपासून २०२४ च्या जानेवारीपर्यंत मधल्या शहरातल्या रस्त्यांवर ब्लू बॅजच्या गाड्यांना मज्जाव होता, सुरक्षेचं कारण देऊन. दोन वर्षं हा माणूस स्वतःच्या शहराच्या मध्यभागी जाऊ शकला नाही, आणि त्याच काळात पार्लमेंट स्ट्रीटवर ख्रिसमस मार्केटच्या झोपड्या मात्र नोव्हेंबरच्या मध्यापासून थाटात उभ्या राहत होत्या. पाहुण्यांना जागा होती, त्याला नव्हती.

वस्ती दोन लाखांची आहे या शहराची. वर्षाला येणारे पाहुणे ऐंशी लाखांच्या वर. येऊ देत ना, मी नाही म्हणत नाही, मीही पंढरपूरचीच की, माझं लहानपण वारीच्या गर्दीत गेलंय. आषाढीनंतर गावाची काय दशा होते तेही मला माहिती, त्यात सोवळं काही नाही. पण आमच्या ओट्यावर रात्रभर वारकरी झोपायचे आणि सकाळी आजी उठायच्या आत ओटा झाडून, काठाशी तांब्या पालथा घालून गेलेले असायचे. ते कोणाच्या तरी दारात झोपलेत हे त्यांना ठाऊक असायचं. हा सूटवाला माझ्या दाराला दारच समजत नव्हता. त्याच्या लेखी ही भिंत म्हणजे शहराच्या देखाव्याचा एक तुकडा, आत कोणी जेवतंय, झोपतंय, तुळशीला पाणी घालतंय हे त्याच्या डोक्यातच नाही.

आणि मला हे शहर आवडतं, म्हणून तर जास्त लागतं. मार्चमध्ये शहराभोवतीच्या जुन्या तटबंदीच्या उतारावर डॅफोडिल फुलतात तेव्हा नाइट संपवून मी मुद्दाम वाट वाकडी करून येते. आईला मी पहिल्या आठवड्यात तटावरून पूर्ण फेरी घडवली, साडेतीन किलोमीटरला थोडंच कमी, मध्ये मध्ये बसत, मिकलगेट बारपाशी तिला सांगितलं की इथे दाराला बार म्हणतात आणि रस्त्याला गेट. ती खूश होती. फोनवर मामीला सांगत होती की लेक राजवाड्याच्या दाराशी राहते.

आज सकाळी ड्यूटीवरून आले तर ती उंबऱ्यापाशी वाकून परत घासत होती. कालचं धुतलेलं परत. मी म्हटलं आई, झालंय ते स्वच्छ, राहू दे. तर म्हणाली वास येतोय. मला नाही आला. मग विचारलं, "परत कधी असते ही जत्रा?" सप्टेंबरात आहे म्हटलं, आणि ऑक्टोबरातही. तिचं परतीचं तिकीट सप्टेंबरच्या शेवटचं.

सप्टेंबरच्या रेससाठी मी त्या दिवशीची रजा टाकलीय. पाचवा मेलही जाईल, फोटोसकट, पण त्याच्यावर विसंबून नाही. दाराआड बादली भरून ठेवणार आहे, खिडकीत बसणार आहे, आणि जो कोणी माझ्या उंबऱ्याकडे तोंड करून उभा राहील त्याच्या सुटावर ती अख्खी जाणार आहे.