‘हातातून चावी हिसकावली’ या रिव्ह्यूला वर्कशॉपकडून उत्तर

नमस्कार,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. आमच्याकडून तुम्ही नाराज होऊन गेलात, त्याबद्दल मनापासून सॉरी.

इतर वाचणाऱ्यांना कळावं म्हणून तुमच्या तक्रारी आधी सांगते. ‘नवशिक्यांसाठी बेस गिटार दुरुस्ती’ अशी जाहिरात होती, पण अर्धा वेळ इतिहासात आणि मोजमापात गेला. स्वतःच्या बेसला हात लावू दिला नाही. सोल्डरिंग भंगारातल्या तुकड्यांवर करायला लावलं. फी जास्त आहे. घरी गेल्यावर तार पुन्हा खरखरायला लागली. आणि ‘मॅडमनी सगळ्यांसमोर माझ्या हातातून चावी हिसकावून घेतली.’

बाकीचं मी ऐकून घेईन. हे शेवटचं मात्र नाही. हिसकावली नाही हो. तुमच्या मनगटावर हात ठेवला आणि ‘थांबा’ म्हटलं. आवाज चढला असेल, शेजारच्या टेबलावर अँप चालू होता. पण का थांबवलं, ते तुमच्या रिव्ह्यूत एका ओळीनेही आलेलं नाही, म्हणून ते मलाच लिहावं लागतंय.

तुमच्या बेसच्या ट्रस रॉडच्या (नेकच्या, म्हणजे बेसच्या लांब दांड्याच्या आत असते ती बाक कमी-जास्त करणारी धातूची सळई) नटला १/८ इंचाची षटकोनी चावी, म्हणजे अ‍ॅलन की लागते. १/८ इंच म्हणजे ३.१७५ मिलीमीटर. तुम्ही घरून आणलेली चावी ३ मिलीमीटरची होती. ती आत जाते, जरा फिरतेसुद्धा, त्यामुळे माणसाला वाटतं बरोबर बसली. पण मधे पावणेदोन दशांश मिलीमीटरची ढील राहते आणि जोर दिला की चावी नटचे आतले कोपरे खात जाते. एकदा ते गोल झाले की कुठलीच चावी पकडत नाही. मग तो नट काढण्यासाठी जो खटाटोप करावा लागतो, तो साध्या बेसच्या बाबतीत कधीकधी बेसच्या किमतीपेक्षा महाग पडतो. चावी तुमच्या हातात असताना मला तिचा ‘कट्’ असा निसटल्याचा आवाज आला. तो आवाज ऐकून कोणताही कारागीर मनगट धरेल. तोंडाने ‘कृपया थांबता का’ म्हणेपर्यंत वेळ नसतो.

बरं, चावी बरोबर असती तरी मी थांबवलंच असतं, कारण तुम्ही फिरवत होतात ती दिशा उलटी होती. तुमची ई तार (सगळ्यात जाड) पहिल्या चार फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) खरखरत होती आणि वर गेलं की स्वच्छ वाजत होती. आपण काय केलं होतं आठवा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला, शेवटच्या फ्रेटवर तार दाबली आणि आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यामध्ये फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातलं. ०.०५ मिलीमीटरची पट्टीसुद्धा आत शिरेना. म्हणजे नेक जवळजवळ सरळ झाली होती. तिथे साधारण ०.३ मिलीमीटरची फट लागते. बेसची मोकळी ई तार सेकंदाला ४१ वेळा हलते आणि चांगली रुंद हलते, तिला जागा नको का? अशा वेळी रॉड सैल करायचा असतो. तुम्ही घड्याळाच्या दिशेने घट्ट करायला निघाला होतात आणि वर ‘एक फेरा दिला की झालं’ असंही म्हणालात. आम्ही एका वेळी पाव फेरा देतो, सूर पुन्हा लावतो आणि पुन्हा मोजतो. तुम्ही बघून आलात त्या व्हिडिओत दाखवलेलं चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. त्या माणसाच्या बेसची नेक पुढे वाकलेली असेल. तुमची नव्हती.

‘स्वतःच्या बेसला हात लावू दिला नाही’ हे मग मला कळत नाही. योग्य चावी मी तुमच्याच हातात दिली. डावीकडे पाव फेरा तुम्ही दिलात, सूर लावून पुन्हा पाव तुम्हीच दिलात. ०.३ ची पट्टी तारेला किंचित घासून आत सरकली, तेव्हा तुम्ही मोबाईलवर फोटोही काढलात. रिव्ह्यूत तो फोटो दिसला नाही.

इतिहासाबद्दल. लिओ फेंडर यांचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आला, हे मी हौस म्हणून सांगत नाही (थोडी हौस आहे, नाकारत नाही). ३४ इंचाचं स्केल (तारेची वाजणारी लांबी) तिथून रुळलं. अमेरिकेत बनलेल्या बेसना इंचातल्या चाव्या लागतात आणि आशियात बनलेल्या बऱ्याच बेसना मिलीमीटरच्या, म्हणून टेबलावर दोन वेगळे सेट ठेवलेले असतात. हे सांगत होते तेव्हा तुम्ही बाहेर फोनवर होतात. माझी तक्रार नाही, फोन महत्त्वाचा असू शकतो.

मोजमापात वेळ जातो, हे खरं आहे. पण नेकचा बाक बदलला की तारांची उंची बदलते, उंची बदलली की बाराव्या फ्रेटचा सूर सरकतो. आधी सॅडल (तार टेकते तो ब्रिजवरचा तुकडा) मागेपुढे करून इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर येणं) जुळवलं आणि नंतर ट्रस रॉडला हात घातला, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. हा क्रम हाताला लागला की पुढे दुसऱ्यावर अवलंबून राहावं लागत नाही. तेवढ्यासाठीच तर तुम्ही आला होतात ना?

सोल्डरिंगचं थोडक्यात. पॉटच्या (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालचा भाग) पाठीवर ग्राउंडची वायर लावायची तर ती पाठ नीट तापावी लागते. नवा माणूस एकतर कमी तापवतो, मग सांधा कोरडा राहतो आणि घुर्र आवाज येत राहतो. नाहीतर आयर्न इतका वेळ टेकवून ठेवतो की पॉटच कामातून जातो. पहिले हात जुन्या पॉटवर साफ होऊ द्यावेत, एवढाच त्यात हेतू. तुमचा तिसरा सांधा छान चकचकीत आला होता आणि मी तसं सगळ्यांसमोर म्हटलंही होतं. ते ‘सगळ्यांसमोर’ मात्र रिव्ह्यूत आलं नाही.

आता घरी पुन्हा सुरू झालेली खरखर. तुम्हीच लिहिलंय की घरी गेल्यावर ‘नव्या हलक्या तारा’ लावल्या. अहो, आपण सेटअप केला तो ४५-१०५ च्या तारांवर (ही जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). चार तारांची मिळून ओढ ७० ते ८० किलोंच्या आसपास असते आणि ट्रस रॉड त्या ओढीच्या विरुद्ध काम करत असतो. तारा हलक्या केल्या की ओढ कमी होते, रॉड तेवढाच राहतो, नेक पुन्हा सरळ होते आणि पहिल्या फ्रेटपासून खरखर सुरू. हलकी तार वाजताना जास्त हलते, ते वेगळंच. यात तुमचं काही चुकलं असं नाही, तारा बदलण्याचा हक्क तुमचा आहे. पण त्याचे स्टार माझ्या नावावर का कापले जावेत?

फीबद्दल वाद घालत नाही. एका टेबलावर एकच माणूस, हत्यारं आमची, सरावाचे पॉट आणि सोल्डर आमचं. फ्रेट लेव्हलिंग (फ्रेट घासून एका पातळीत आणणं) यात नाही हे नावनोंदणीच्या मेसेजमध्ये पहिल्याच परिच्छेदात आहे. कोणाला जास्त वाटेल, कोणाला नाही.

तुम्हाला कदाचित कल्पना नसेल, पण हा वर्कशॉप मी एकटी चालवते. पुढच्या बॅचची नावं याच दिवसांत येतात आणि आमचं नाव शोधलं की सगळ्यात वर तुमचा रिव्ह्यू दिसतो. काल एका मुलाने फोन करून पहिला प्रश्न काय विचारावा? ‘मॅडम, तुम्ही हातातून वस्तू ओढून घेता का?’ मी हसून उत्तर दिलं. फोन ठेवल्यावर हसू आलं नाही. रिपेअरिंगचं हे काम मला कोणी बसवून शिकवलेलं नाही, शिकवायला कोणी तयारच नव्हतं. म्हणून नवशिक्यांसाठी हे सुरू केलं, आणि नवशिक्याचा अपमान केला असं कोणी लिहिलं की ते लागतं.

तरी तुमच्या म्हणण्यातून घेण्यासारखं घेऊ. घरून आणलेल्या चाव्या यापुढे सुरुवातीलाच तपासून बाजूला ठेवू. वेळेच्या वाटणीचंही बघते, इतिहास थोडा आटोपता घेता येईल. अँप दुसऱ्या खोलीत हलवायचा विचार आहे, जागेचं जमलं तर.

तुमचा बेस घेऊन या, पुन्हा सेट करू. त्याचे पैसे नकोत. शनिवार-रविवार बॅच असते, ते सोडून कधीही, फक्त आधी मेसेज टाका. येईपर्यंत रॉडला हात लावू नका आणि तारा उतरवू नका, आहेत तशाच चढवलेल्या राहू द्या. नव्या तारांचं रिकामं पाकीट फेकलं नसेल तर सोबत आणा, त्यावर जाडी छापलेली असते.